निघताना कोणाकोणासाठी पैसे गोळा करायचे?

परदेशात मिशनवर किंवा सेवाप्रकल्पावर काही वर्षं काढून परतणारी माणसं समुपदेशनाला आली की मला एक प्रश्न हमखास विचारतात. 'मी तर चालले, पण माझ्या इथल्या माणसांचं काय? निघण्याआधी ओळखीपाळखीत शब्द टाकून त्यांच्यासाठी चार पैसे उभे केले तर?' ऐकणाऱ्याच्या तोंडून चटकन 'करा की' असंच निघतं. मी मात्र थोडं थांबायला सांगते. का, ते कळावं म्हणून एका नर्सबाईंची हकीकत त्यांच्या परवानगीने देते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

बाई वसईकडच्या. उत्तर केनियात, तुर्काना काउंटीत, काकुमाच्या परिसरातल्या एका मिशन दवाखान्यात करारावर गेलेल्या. काकुमाची निर्वासित छावणी 1992 पासूनची, सुदानच्या युद्धातून पळून आलेल्या मुलांसाठी उभी राहिलेली. छावणीबाहेर राहतात ते तुर्काना, शेळ्या आणि उंट पाळणारे. 2020 नंतर ओळीने पाच पावसाळे कोरडे गेले, त्यात त्यांची जनावरं गेली. दवाखान्यात दोन्हीकडचे लोक येत.

करार संपत आला तशी बाईंची झोप उडाली. व्हिडिओ कॉलवर आल्या त्या झोपेचीच तक्रार घेऊन. यादीचा विषय नंतर निघाला. वहीच्या दोन पानांवर नावं, प्रत्येकापुढे गरज आणि रकमेचा अंदाज. शिलाई मशीन, मोटरसायकल, शाळेची फी, औषधं. वसईला भावाने आपल्या खात्यावर यूपीआयने पैसे घ्यायचे, पॅरिशच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर आवाहन टाकायचं, असं ठरतही आलं होतं.

मी विचारलं, "यांतल्या किती जणांनी तुमच्याकडे मागितलंय?"

त्या मोजत बसल्या. बोटांवर मावतील इतकेच निघाले. मग मी विचारलं, यादीत कोण आहे आणि कोण नाही? यादीत होती ती त्यांच्या खोलीवर चहाला येणारी, त्यांच्याशी इंग्रजीत बोलू शकणारी माणसं. दवाखान्यापर्यंत चालत यायला अर्धा दिवस लागणाऱ्या बायकांतली एकही नव्हती. यात दोष काही नाही. जीव जडतो तो जवळच्यांवरच. पण मग ही मित्रमंडळींची यादी आहे, गरजूंची नव्हे, आणि आवाहनातही तसंच लिहायला हवं. बाईंना हे लागलं. पुढच्या सत्राला त्या येतील की नाही, याची मला खात्री नव्हती.

त्या आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "मॅडम, काही न देता निघाले तर मी त्यांना टाकून पळाले असं वाटेल." त्या वाक्यावर आम्ही बराच वेळ राहिलो. निघणाऱ्याला अपराधी वाटतं आणि पैसे उभे करण्याच्या धावपळीत ते वाटणं काही दिवस दडून राहतं. विमानात बसलं की पुन्हा डोकं वर काढतं, तेव्हा हाताशी यादी नसते. मदत करू नये, असं माझं म्हणणं नाही. आपल्या जिवाची तगमग आणि समोरच्याची गरज या दोन गोष्टी एकाच पावतीत घालू नयेत, इतकंच.

मिशनच्या प्रमुख सिस्टरांना सांगितलंत का, असं विचारल्यावर नाही म्हणाल्या. त्या नको म्हणतील ही भीती. आग्रह केला तेव्हा सांगितलं. सिस्टर नको म्हणाल्या नाहीत, पण त्यांनी एक किस्सा ऐकवला. आधीच्या एका डॉक्टरांनी जाताना शेळ्या वाटल्या होत्या. नवे डॉक्टर रुजू झाले तर कित्येक महिने लोक स्टेथोस्कोप लावायच्या आधी विचारायचे, आमची शेळी कधी? आपल्या निरोपाचं बिल पुढच्या माणसाच्या दारात जातं, हे बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पैशांच्या कायद्यातलं मला कळत नाही, म्हणून भावाला सीएकडे जायला सांगितलं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्यात भेट आणि देणगीही बसते. तेव्हा अडचण पाठवण्यात नव्हती, गोळा करण्यात होती. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात खात्यावर आलेली भेट 50,000 रुपयांच्या वर गेली, की सगळीच रक्कम त्याच्या करपात्र उत्पन्नात धरली जाऊ शकते. देणाऱ्यांना देणगीवरची करसवलत मिळणार नाही ती नाहीच. भावाने हात जोडले. तो आणि दोन चुलतभाऊ आपापल्या पैशांतून, आपापल्या नावाने जे देतील ते, एवढंच ठरलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

मग बाईंना मी एक काम दिलं. यादीतल्या प्रत्येकाला भेटायचं, पैशांचा विषय न काढता 'मी चालले' एवढं सांगायचं आणि तो काय बोलतो ते ऐकायचं.

छावणीच्या बाजारात कपडे शिवणारी दक्षिण सुदानी बाई, जिच्यासाठी नवी मशीन घ्यायची होती, ती म्हणाली मशीन आहे, काम नाही. छावणीतल्या लोकांना परवानगीच्या कागदाशिवाय बाहेर फिरता येत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक तिच्यापर्यंत यावं लागतं. तिला नव्या नर्सशी आणि सिस्टरांशी ओळख करून हवी होती, म्हणजे दवाखान्याच्या चादरी आणि गणवेश शिवायला मिळाले असते. ते एका दुपारी झालं, फुकटात.

मधुमेहाच्या आजींचं उलटं. त्यांना एकरकमी पैसे देऊन उपयोग नव्हता, औषध दर महिन्याला लागणार. केनियात ऑक्टोबर 2024 पासून नवी सरकारी आरोग्य विमा व्यवस्था आली आहे. पगार नसलेल्यांना किमान दरमहा 300 शिलिंगांप्रमाणे वर्षाचा हप्ता एकदम भरावा लागतो, आणि तो एकदमच जमत नाही. बाईंनी स्वतःच्या पगारातून आजींचा वर्षाचा हप्ता भरला. पुढच्या वर्षी कोण, हे आजींच्या मुलीसमोर बोलून घेतलं.

बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, चालवणारा तरुण सतत पैसे मागायचा. बाई वैतागायच्या आणि वैतागल्याबद्दल स्वतःलाच बोल लावायच्या. त्याची मोटरसायकल यादीतून गेली. आधी उसने दिलेले पैसे मात्र त्यांनी तोंडाने स्पष्ट 'सोडले' म्हणून सांगितलं. अर्धवट लोंबकळणारं उसनं मैत्री नासवतं.

राहिला फॉर्म थ्रीमधला, म्हणजे माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षातला मुलगा. केनियात 2008 पासून माध्यमिक शाळेतल्या शिकवणीचं शुल्क सरकार उचलतं, वसतिगृहाचा खर्च मात्र घरच्यांवर पडतो. याच्यासाठीचं आवाहन बाईंनी मला वाचून दाखवलं होतं: बाप नाही, आई आजारी, अंगावर फाटका शर्ट, सोबत तसाच फोटो. मी म्हटलं, हे त्याला इंग्रजीत वाचून दाखवा. त्याने शांतपणे ऐकलं, आईच्या आजाराचं वाक्य काढायला लावलं, फोटो शाळेच्या टायमधला दिला आणि सांगितलं, गणितात बी प्लस आहे, ते लिहा.

पुढचं त्याच्या शाळेतल्या शिक्षकांनी सुचवलं. तिथे फी, दवाखाना, मयत अशा प्रसंगी हरांबे करतात. वर्गणीची ही रीत स्वातंत्र्याच्या वेळी जोमो केन्याट्टांनी देशभर उचलून धरली आणि तो शब्द आज केनियाच्या राजचिन्हावर आहे. कोणी किती दिले ते सभेत वाचून दाखवतात. आता तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादी फिरते आणि पैसे एमपेसाने, म्हणजे मोबाइलवरून, येतात. शिक्षक कोषाध्यक्ष झाले, पैसे थेट शाळेत भरायचे ठरले. यादीत मामाचे 200 शिलिंग, शिंपीणबाईंचे 100, बाईंचे थोडे जास्त आणि 'वसईचे भाऊ' म्हणून एक ओळ. बाई थोड्या खट्टू झाल्या होत्या, हेही सांगायला हवं. आपलं नाव पंधराव्या ओळीत असणं त्यांना पचायला वेळ लागला. मुलगा मात्र मामाच्या 200 शिलिंगांबद्दल सगळ्यांना सांगत सुटला होता.

निघण्याआधी आम्ही एक वाक्य बसवलं, परतल्यावर येणाऱ्या मेसेजसाठी: "मला पाठवता येणार नाही. पण तुझं कसं चाललंय ते लिहीत जा." हे वाक्य आधी ठरवून ठेवावं लागतं. रात्री अकराला 'सिस्टर, इमर्जन्सी' असा मेसेज येतो तेव्हा ते सुचत नाही. बोडाबोडावाल्याला बाईंनी ते पुष्कळदा पाठवलंय. तो अजून मागतो आणि मधेच मुलीचे फोटोही पाठवतो. मुलाच्या शेवटच्या टर्मची थोडी फी अजून बाकी आहे, शिक्षक त्यासाठी पुन्हा यादी फिरवणार आहेत.

वसईला आल्यावरही बाई माझ्याकडे काही काळ येत राहिल्या. झोप सुधारली होती. बोलणं असायचं ते इथल्या हॉस्पिटलातल्या ड्युटीचं आणि 'आता लग्नाचं बघ' म्हणून मागे लागलेल्या आईचं, आणि ती केस वेगळी आहे.