चार शाखा व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या खाजगी टनेलने) जोडल्या आहेत. डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर) प्रत्येक शाखेत ठेवावा की सगळं हेड ऑफिसवरूनच चालवावं?

प्रत्येक शाखेत ठेवा. खरं तर उत्तर इथेच संपलं. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की सध्या पहिला डीएनएस हेड ऑफिसचा आहे आणि दुसरा 'बॅकअप म्हणून' गूगलचा ८.८.८.८ दिलाय. ते वाचून राहवलं नाही. याच एका ओळीवरून मी आमच्या साहेबांशी दोन वर्षं भांडलोय.

तो बॅकअप नाही हो. विंडोज दुसऱ्याकडे जातं ते पहिल्याने उत्तरच दिलं नाही तर. आणि 'असं नाव अस्तित्वात नाही' हेसुद्धा उत्तरच असतं. ते मिळालं की क्लायंट गप्प बसतो, आणखी कुणाला विचारत नाही. तुमच्या आतल्या नावांची खबर गूगलला असायचं कारणच काय? टनेल दोन सेकंद अडखळला की मशीन दुसऱ्याकडे वळतं, आणि एकदा वळलं की लगेच परत येत नाही.

आमच्या एका शाखेत दुपारी डेटाचा बॅकअप सुरू झाला की लिंक भरायची आणि कुणाचं तरी अकाउंट्सचं सॉफ्टवेअर 'सर्व्हर सापडत नाही' म्हणायचं. सगळ्यांचं नाही, शेजारच्या टेबलावर छान चालू. रीस्टार्ट केलं की ठीक. मी रिमोट घेऊन एनएसलुकअप (डीएनएस तपासायची कमांड) मारायचो, आयपी बरोबर. त्याच मशीनवर पिंग मारला की नाव सापडत नाही. साहेब म्हणाले, "डीएनएस ओके आहे, अँटीव्हायरस बघ." चार दिवस अँटीव्हायरस बघितला. मग कळलं की एनएसलुकअप विंडोजच्या रिझॉल्व्हरला (नावं शोधून देणाऱ्या भागाला) विचारतच नाही, त्याची कॅशही बघत नाही; थेट यादीतल्या पहिल्या सर्व्हरकडे जातो. म्हणजे मी रोज धडधाकट माणसाचीच नाडी बघत होतो. शेवटी वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून डीएनएसच्या पोर्ट ५३ वर नजर ठेवली. पगाराच्या सर्व्हरचं पूर्ण नाव ८.८.८.८ कडे चाललेलं, परत येतंय एनएक्सडोमेन, म्हणजे तेच 'असं नाव अस्तित्वात नाही'. (आतली नावं अशी बाहेर फिरतात, हे वेगळंच.)

स्क्रीनशॉट पाठवला. साहेबांचं उत्तर : "मग होस्ट्स फाइलमध्ये टाक ना." ही मशीनवरचीच नाव-आयपीची यादी. १९ मशिनांवर हाताने टाकलं. सात महिन्यांनी त्या सर्व्हरचा आयपी बदलला तेव्हा त्यातली १७ मशिनं मला आठवली.

तर, शाखेत एखाद्या जुन्या पीसीवर अनबाउंड (डीएनएस सर्व्हरचं सॉफ्टवेअर) टाका. आतला झोन (तुमच्या आतल्या नावांचा गट) तेवढा टनेलमधून हेड ऑफिसला फॉरवर्ड करा, बाकी सगळं शाखेच्या स्वतःच्या इंटरनेटवरून जाऊ द्या. डीएचसीपीत (मशिनांना आयपी आणि डीएनएस वाटणाऱ्या सेवेत) पहिला शाखेचा, दुसरा हेड ऑफिसचा. बाहेरचा एकही नको. टनेल बराच वेळ पडला तरी आतली नावं रिझॉल्व्ह व्हायला हवी असतील तर फॉरवर्ड न करता झोनची सेकंडरी प्रतच शाखेत ठेवा. झोनच्या एसओए नोंदीतला एक्स्पायर (हेड ऑफिसशी संपर्क तुटल्यावर ही प्रत किती काळ चालते ते) दोन ते चार आठवडे असावा असं आरएफसी १९१२ या डीएनएसवरच्या टिपणात आहे, तो कमी करून काही मिळत नाही. फायरवॉलवर टीसीपी ५३ उघडायला विसरू नका, झोन ट्रान्स्फर (ती प्रत शाखेत आणणं) त्यावरूनच होतो. 'डीएनएस म्हणजे यूडीपी' असं म्हणून नुसतं यूडीपी उघडणारे आमचे साहेबच.

आता, तुमचे सगळे सर्व्हर हेड ऑफिसातच असतील तर टनेल पडल्यावर नाव रिझॉल्व्ह होऊनही पुढे जायला रस्ता नाही. फायदा एवढाच की शाखेचं इंटरनेट चालू राहतं. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोजची युजर आणि मशिनांची मध्यवर्ती यादी) असेल तर शाखेत डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा तिचा सर्व्हर) ठेवायचा की नाही ते आधी ठरवावं लागेल, त्यात मी शिरत नाही. आणि आतल्या नावांच्या शेवटी 'डॉट लोकल' असेल तर ते २०१३ पासून मल्टिकास्ट डीएनएससाठी (सर्व्हरशिवाय जवळची मशिनं नावाने शोधायच्या पद्धतीसाठी) राखीव आहे, मॅक आणि लिनक्स मशिनं त्यावर रुसतात. नवा झोन स्वतःच्या डोमेनखाली काढा.

साहेब केव्हाच दुसरीकडे गेले. त्यांनी बनवलेली नव्या शाखेची चेकलिस्ट मात्र अजून चालते, ११ व्या ओळीत 'दुय्यम डीएनएस : ८.८.८.८'. मूळ फाइल कुणाकडेच नाही, नुसती पीडीएफ उरलीय, म्हणून दर वेळी प्रिंट काढून मी ती ओळ पेनने खोडतो.