वाड्याच्या माळ्यावर मोडी कागदांची गाठोडी सापडली आहेत. स्थानिक इतिहास मंडळाला द्यावीत का? अशी मंडळं त्यांचं करतात तरी काय?

वाडा पुढच्या उन्हाळ्यात पाडायचा आहे, माळ्यावर लाल फडक्यात बांधलेली गाठोडी निघाली, धाकटे काका रद्दीत घाला म्हणतात, आणि ओळखीतल्या एकाने त्यातले फक्त शिक्क्याचे कागद चांगल्या किमतीला मागितलेत, असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी आमचं छोटं इतिहास मंडळ आहे. तिथे मी बरीच वर्षं दप्तरं, म्हणजे घराण्यांच्या जुन्या कागदांचे संग्रह, लावायचं आणि मोडी वाचायचं काम करतो. त्यावरून सांगतो: कागद मंडळाला द्या, पण मंडळ पारखून द्या. आणि त्याही आधी घरात एक गोष्ट पक्की करून घ्या. दप्तर फुटू द्यायचं नाही. शिक्क्याचे कागद वेगळे काढून विकायचे नाहीत, आणि उरलेले ‘फालतू’ म्हणून टाकायचे नाहीत.

शिक्क्याची सनद दिसायला भारदस्त असते, भिंतीवर लावता येते, म्हणून तिला गिऱ्हाईक मिळतं. पण वतनाच्या वा इनामाच्या सनदेची नोंद किंवा नक्कल सरकारी दप्तरात असण्याची शक्यता बरीच असते. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेली कागदांची गाठोडी, आहेत. इतिहासकार रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापले, तरी तो सागरातला थोडासाच भाग. तुमच्या घरची कीर्द-खतावणी, म्हणजे जमाखर्चाच्या वह्या, उसनवारीच्या याद्या, लग्नाचा खर्च, विहीर खणल्याचा हिशेब यांची मात्र दुसरी प्रत जगात कुठेच नसते.

आमच्याकडे आलेल्या एका दप्तरात शके १७९८ ची, म्हणजे १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळातली, एक साधी यादी होती. गावातल्या कुठल्या घराला किती पायली जोंधळा उसना दिला, एवढंच तिच्यात. एकटी पाहिली तर कोणी दुसऱ्यांदा हात लावला नसता. पण त्याच जुडीत तिच्या खाली पुढच्या दोन वर्षांची गहाणखतं होती. यादीतली नावं आणि गहाणखतातली नावं जुळवत गेलो, तेव्हा आमच्या गावची कुठली शेतं कुणाच्या हातून गेली आणि का गेली, हे कळलं. आजही त्या शेतांना जुन्या मालकांच्या नावानेच ओळखतात. यादी एकाच्या घरी आणि खतं दुसऱ्याच्या कपाटात गेली असती तर हे कोणालाच कधी दिसलं नसतं.

म्हणून गाठोडी सोडण्याआधी बांधलेल्या स्थितीतच त्यांचे फोटो काढा. कुठलं गाठोडं माळ्यावर कुठे होतं, त्यासोबत काय होतं, घरातल्या कोणत्या शाखेचं असं वडीलधारे सांगतात, हे एका वहीत लिहून ठेवा. आतल्या जुड्यांचा क्रम मोडू नका. लिहिणाऱ्याने तो काही विचाराने लावलेला असतो.

आता मंडळं काय करतात ते. आपल्याकडची ही परंपरा जुनी आणि अभिमानाची आहे. इतिहास संशोधक विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, वाडे, मठ, देवळं धुंडाळली, लोकांची मनधरणी केली आणि कागद जमवले. वाईत मिळालेल्या पत्रांवर आधारलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यात १७५० ते १७६१ मधली, पानिपतापर्यंतची पत्रं आहेत. मालिकेचे एकूण बावीस खंड झाले. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. आज तिथे सुमारे पंधरा लाख कागद आणि तीस हजारांच्या आसपास हस्तलिखितं आहेत. राजवाडे पुढे पुण्यातून बाहेर पडले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले. त्यांनी जमवलेलं धन विखरू नये म्हणून धुळेकरांनी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. ‘संशोधक’ हे त्यांचं नियतकालिक. धुळ्यातच रामदासी वाङ्मयाचे अभ्यासक शंकर श्रीकृष्ण देव यांच्या खटपटीतून समर्थ वाग्देवता मंदिर उभं राहिलं, तिथे रामदासी संप्रदायाची हस्तलिखितं सांभाळली आहेत. अहिल्यानगरचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय १९६० चं.

आमच्या साताऱ्याची गोष्ट मात्र मला अजून खुपते. इतिहासकार दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी आयुष्यभर जमवलेल्या कागद-चित्रांसाठी साताऱ्यात संग्रहालय झालं, १९२६ मध्ये पारसनीस गेले, आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवला गेला. तो टिकला आणि अभ्यासकांना खुला झाला, हे चांगलंच. पण जिथली माती त्या कागदांत आहे तिथल्या शाळकरी पोराला तो पाहायला मिळत नाही. स्थानिक मंडळ हवं ते याच कारणाने.

रोजचं काम म्हणाल तर अगदी किरकोळ दिसणारं आहे. कागद झटकायचे, उलगडायचे, क्रमांक द्यायचा, दोन्ही बाजूंचे फोटो घ्यायचे, यादी करायची, वाचायचे आणि देवनागरीत उतरवायचे. महत्त्वाचं वाटेल त्यावर टिपण लिहून सभेत वाचायचं. पुण्याच्या मंडळाच्या पाक्षिक सभांतून आणि त्रैमासिकातून हेच चालत आलं. गावातल्या सभेला एक वेगळीच धार असते, कारण ज्यांच्या पणजोबांचा निवाडा वाचला जातो ती माणसं समोर बसलेली असतात. कोणी तरी उठून सांगतं की त्या बांधावरचं आंब्याचं झाड मी पाहिलंय. हे टिपून घेणं माझ्या मते मंडळाचं सगळ्यात मोठं काम आहे, कारण कागद पुण्या-मुंबईतही वाचला जाईल, पण ते झाड तिथे कोणाला माहीत नाही.

आपल्या मंडळांतली एक उणीवही सांगायला हवी. आमच्या कपाटांत सरदार, देशमुख, कुलकर्णी, जोशी, मठ-संस्थानं यांची दप्तरं दाटीने भरलेली आहेत. ज्यांच्या घरात लिहिणं नव्हतं त्यांचा इतिहास जमवायला आपण फार उशिरा निघालो. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमल्या आणि आता ‘परी’ या ग्रामीण संग्रहाच्या संकेतस्थळावर त्यातल्या काही ऐकता येतात. तसं काम प्रत्येक तालुक्यात व्हायला हवं. तुमच्या दप्तरात एखादा महजर, म्हणजे गावसभेने साक्षीदारांसह दिलेला निवाडा, असेल तर तो जरूर शोधा. त्यावर साक्षीदार म्हणून पाटलाची निशाणी नांगराची असते आणि बलुतेदारांची आपापल्या धंद्याच्या हत्यारांची. अक्षर न येणारी ती माणसं तिथे हजर होती याचा तो पुरावा. वाड्यात काम केलेल्या कुटुंबांतल्या म्हाताऱ्यांशीही बोला आणि ते फोनवर रेकॉर्ड करा. कागद मंडळाला द्याल तेव्हा ती रेकॉर्डिंगही द्या.

तोवर कागद कसे सांभाळायचे? वाळवी आणि कसर लागलेली गाठोडी वेगळी ठेवा. ओल असेल तर सावलीत, वाऱ्यावर पसरा. उन्हात टाकले तर कागद कडक होऊन घडीवर तुटतात. ओल्या फडक्याने पुसू नका, ती काजळीची शाई आहे, पाण्याने निघते. घडीत बारीक वाळू सापडली तर घाबरू नका, शाई सुकावी म्हणून टाकलेली असते. चिकटपट्टी, लॅमिनेशन, स्टेपलर, डिंक यातलं काहीही नको. आमच्याकडे लॅमिनेट करून आणलेले कागद येतात तेव्हा अक्षरशः काळीज तुटतं, कारण ते आता कधीच सोडवता येत नाहीत. धुतलेलं, बिनरंगाचं सुती कापड घ्या, त्यात सैल बांधा, वेखंडाची पुरचुंडी जवळ ठेवा आणि जमिनीपासून उंचावर ठेवा.

फोटो काढाल तेव्हा पाठची बाजू सोडू नका. लांब कागद तावाला ताव चिकटवून केलेला असतो, आणि जोडावरचे शिक्के, दप्तरातल्या नोंदी पाठीवर असतात. पत्रावर तारीख नसेल, पण ते पोचल्याची नोंद वरच्या कोपऱ्यात ‘पै॥ छ’ अशी असू शकते (पै॥ म्हणजे पैवस्ती, पोचलं; छ म्हणजे चंद्र, चांद्र महिन्याची तारीख). तीच कधी कधी एकमेव तारीख. साल अरबी शब्दांत दिसेल. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, म्हणून ११६१. हा सुहूर सन, मराठी कागदांत वापरली जाणारी कालगणना. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७६०-६१, पानिपतचं साल. हे साल मृगाच्या सुमारास बदलतं, म्हणून दोन इसवी सनांत विभागलं जातं. एवढं कळलं तरी घरबसल्या गाठोड्यांचा काळ ढोबळमानाने लावता येईल. पुढे वाचायची हौस असेल तर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे आणि भारत इतिहास संशोधक मंडळाचे मोडीचे वर्ग असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गावोगावी मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, यावरून ही विद्या किती थोड्यांकडे उरली आहे ते ध्यानात येईल.

मंडळ कसं पारखायचं? सरळ जा आणि त्यांची खोली पाहा. छत गळतं का, कपाटाला कुलूप आहे का, यादी आहे का, तुम्ही मागितलेला एखादा कागद त्यांना काढून दाखवता येतो का. कागदाचा शोध न लागणारं मंडळ कितीही नामवंत असलं तरी तिथे देऊ नका. छोट्या मंडळांत पैसा नसतो आणि बहुतेक कामं निवृत्त मंडळी करतात, हे समजून घ्या, पण कारभाराची शिस्त गरिबीतही ठेवता येते. देताना कागदागणिक नसली तरी जुडीगणिक यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. कायमची देणगी की सांभाळायला दिलेली ठेव, हे स्वच्छ लिहा. दप्तर तुमच्या घराण्याच्या नावाने एकत्र राहील, घरच्यांना आणि अभ्यासकांना पाहता येईल, सगळ्याच्या डिजिटल प्रती तुम्हाला मिळतील, आणि मंडळ बंद पडलं तर दप्तर कुठे जाईल, ही चार कलमं घाला. शेवटचं कलम लोक विसरतात आणि पुढच्या पिढीत त्यावरूनच भांडणं होतात. जमिनीच्या कागदांची काकांना धास्ती असेल तर मूळ देण्याआधी वकिलाला दाखवून घ्या आणि त्यांच्या प्रती घरी ठेवा, म्हणजे त्यांचाही जीव निश्चिंत होईल.

विकत मागणाऱ्या गृहस्थांना नम्रपणे नाही म्हणा. ऐतिहासिक मोलाचं, पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित १९७२ च्या केंद्रीय कायद्याखाली पुरावस्तू धरलं जातं. परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही.

राहिला वाडा. मंडळाच्या लोकांना तो उभा असतानाच बोलवा. दारावरची गणेशपट्टी, खांबांवरचं कोरीव काम, बळद (धान्य साठवायची भिंतीतली कोठी), न्हाणीघर, विहीर या सगळ्याची मापं आणि फोटो अर्ध्या दिवसात होतात. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मारक दगड) किंवा कोरीव अक्षरांचे दगड जुन्या जोत्यात, पायरीला, कधी कपडे धुवायला वापरलेले आढळतात. तेव्हा पाडणाऱ्या कंत्राटदाराला आधीच सांगून ठेवा की असा दगड दिसला तर काम थांबवून तुम्हाला फोन करायचा, आणि ही अट त्याच्या करारात लिहून घ्या.