बॅटरी बदलायच्या आधी तापलेल्या गाडीवर व्होल्टेज मोजा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. सहा महिन्यांत दुसरी बॅटरी. सकाळी मोटरसायकल पहिल्या सेल्फला चालू होते. सामानाचे डबे लादून दोन-अडीच तास हायवे झाला की आधी एबीएसचा दिवा लागतो, मग मीटर मिणमिणतो, आणि थांबून पुन्हा निघायचं म्हटलं तर सेल्फ नुसता टकटक करतो. वर्कशॉपचं म्हणणं, चार्जिंग ठीक आहे, बॅटरीच खराब. दोन वर्षांपूर्वी मी नेमकी याच ठिकाणी उभी होते, फरक इतकाच की तोवर माझी तिसरी बॅटरी झाली होती. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

बॅटरीचे स्क्रू घट्ट आहेत का, फ्यूज शाबूत आहे का, हे तुम्ही पाहिलं असणार असं धरून चालते.

माझी सर्वांत मोठी चूक आधी सांगते, कारण तुमच्या पोस्टमध्ये तीच दिसतेय. तुम्ही लिहिलंय, "घरी मीटर लावून पाहिलं, ५००० आरपीएमला १४.२ व्होल्ट येतात, म्हणजे चार्जिंग बरोबर." मीही असंच पाहिलं होतं. रविवारी सकाळी गाडी चालू केली, मीटरच्या पिना बॅटरीला टेकवल्या, १४.३ दिसले, समाधानाने सीट बंद केली आणि चार्जिंगचा विषय डोक्यातून काढून टाकला. त्या एका आकड्यावर विश्वास ठेवून पुढचे आठ महिने मी फक्त बॅटऱ्यांच्या मागे लागले. तो आकडा थंड गाडीचा होता. बिघाड तासाभराच्या रस्त्यानंतर, सगळं तापल्यावर डोकं वर काढायचा आणि गाडी अर्धा तास उभी राहिली की पुन्हा गायब व्हायचा.

वर्कशॉपमध्येही तेच होत होतं. गाडी आदल्या दिवशी जमा करायची, रात्रभर ती तिथे उभी राहणार, सकाळी कुणीतरी पाच मिनिटं मीटर लावणार आणि जॉब कार्डवर लिहिणार, "दोष आढळला नाही." तीन वेळा हेच वाक्य मिळालं. मी लेखी दिलं होतं की दीडशे किलोमीटरनंतर होतं, तरी एकदाही कुणी गाडी तापवून मोजली नाही. यात कसब लागत नाही, फक्त तासभर वेळ द्यावा लागतो. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, मीच फिरवून आणते, आल्या आल्या मोजा. उत्तर आलं की तशी पद्धत नाही. त्या जॉब कार्डांची फाइल अजून माझ्याकडे आहे.

शेवटी काय सापडलं ते सांगते. मल्टिमीटर टँक बॅगेत टाकून निघाले. दोन तासांनी एबीएसचा दिवा लागला तशी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा बघून थांबले, इंजिन चालूच ठेवलं, सीट काढली. ५००० आरपीएमला १२.३. सकाळी निघताना हाच आकडा १४.३ होता. डाव्या बाजूचं पॅनल काढलं आणि कॉइल प्लेटकडून, म्हणजे इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या स्टेटरकडून, रेग्युलेटरकडे (बॅटरीला जाणारं व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) जाणाऱ्या तीन पिवळ्या वायरींच्या कपलरला, म्हणजे जोडणीच्या प्लगला, बोट लावलं, तर चटका बसला. मूळचा पांढरा कपलर मधल्या पिनेभोवती तपकिरी झाला होता, खालच्या कडेला प्लास्टिक वितळून दोन्ही अर्धे एकमेकांना चिकटले होते. ओढूनही सुटेना. मधल्या वायरीचं इन्शुलेशन दोन बोटं लांबीपर्यंत कडक झालं होतं, वाकवल्यावर तडकलं. आणि तो वास, जळक्या बेकेलाइटसारखा, एकदा घेतला की विसरत नाही.

आता हे का होतं, कारण ते कळलं की वर्कशॉप तुम्हाला गुंडाळू शकत नाही. आपल्या बहुतेक स्पोर्ट टूरर गाड्यांवर तीन फेजचा, कायमस्वरूपी चुंबकाचा अल्टरनेटर असतो. चुंबकाची ताकद कमीजास्त करता येत नाही, त्यामुळे इंजिन वेगात फिरलं की वीज पूर्ण क्षमतेने तयार होणारच. गाडीला लागेल तेवढी घेऊन उरलेलीचं काय करायचं? नेहमीचा शंट जातीचा रेग्युलेटर उरलेला करंट शॉर्ट करून परत कॉइलमध्येच फिरवतो. म्हणजे हायवेवर तुम्ही काही लावा किंवा लावू नका, कॉइल, त्या तीन पिवळ्या वायरी आणि तो कपलर सतत जवळजवळ पूर्ण करंट वाहत असतात. कपलरच्या पिनेवर थोडा गंज किंवा सैलपणा आला की तिथे उष्णता, उष्णतेने पीन आणखी सैल, मग आणखी उष्णता. एक फेज अशी अडली की उरलेल्या दोन फेजांवर आणि रेग्युलेटरवर भार येतो. माझ्याकडे शेवटी कॉइलची एक फेज गरम झाल्यावर बॉडीला अर्थ दाखवायला लागली, म्हणजे तिची वीज इंजिनच्या बॉडीत गळायला लागली. कव्हर उघडलं तेव्हा काही गुंडाळ्या तांबूस होत्या, काही कोळशासारख्या. पहिल्याच महिन्यात मी तापलेल्या गाडीवर मोजलं असतं तर फक्त कपलर गेला असता. आठ महिन्यांत कपलर, रेग्युलेटर, कॉइल आणि दोन बॅटऱ्या गेल्या.

हे कारण आणखी एका गोष्टीसाठी महत्त्वाचं. दोष सिद्ध झाल्यावर वॉरंटीचा अर्ज केला तर तो फेटाळला. कारण काय, तर मी हीटेड ग्रिप्स आणि दोन जादा दिवे लावलेत, "अतिरिक्त भाराने कॉइल जळाली". वर लिहिलंय ते पुन्हा वाचा. शंट रेग्युलेटरवर कॉइल तशीही पूर्ण भाराने चालते. ग्रिप्सचे तीस-चाळीस वॅट घेतले नसते तर तेच शॉर्ट होऊन फिरले असते. जादा भाराने बॅटरी उतरू शकते, विशेषतः आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन मंद चालत असताना, रेडिएटरचा पंखा लागला की, हे मान्य. पण कॉइल जळायचं कारण म्हणून ग्रिप्सकडे बोट दाखवणं मला आजही पटत नाही. मी तीन पत्रं लिहिली, आकडे दिले, जळक्या कपलरचे फोटो दिले. प्रत्येक उत्तर त्याच एका परिच्छेदाचं. तुमची वॉरंटी शिल्लक असेल तर जादा वस्तू काढून, सगळे आकडे आणि तारखा लिहून, मगच गाडी जमा करा. मी ते केलं नाही.

याच कारणाने दुसराही एक गैरसमज दुरुस्त करते, तुमच्या पोस्टखाली कुणीतरी तो सल्ला दिलाय: "एलईडी बल्ब लावा, कॉइलला आराम मिळेल." बॅटरीला मिळेल, आयडलला मिळेल. शंट रेग्युलेटर असताना कॉइलला मिळणार नाही, उलट रेग्युलेटरला जास्त करंट शॉर्ट करावा लागेल.

मोजायचं कसं ते थोडक्यात. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ ते १२.८ हवी. मग किमान तासभर चालवा, तुम्ही नेहमी करता तशीच, डबे आणि दिव्यांसकट. थांबल्यावर इंजिन बंद न करता ५००० ला बॅटरीवर मोजा. साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं, नेमका आकडा तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल. कमी आलं तर लगेच, थंड होऊ न देता, मीटरची एक पिन रेग्युलेटरच्या लाल वायरीवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर लावून इंजिन चालू असताना फरक बघा. ०.३ व्होल्टच्या वर असेल तर वीज तयार होतेय पण वाटेत मरतेय. असंच मायनसच्या बाजूला करा. अर्थिंगकडे कुणी बघत नाही आणि निम्म्या गाड्यांचा रोग तिथेच असतो, असं माझं मत.

नंतर इंजिन बंद करून पिवळ्या वायरींचा कपलर सोडा. कोणत्याही दोन पिवळ्यांत एक ओहमपेक्षा कमी आणि तिन्ही जोड्यांत सारखं यायला हवं. स्वस्त मीटर स्वतःच्या वायरींचा रोध त्यात मिसळतो, म्हणून आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून तो आकडा वजा करा. पिवळी आणि इंजिनची बॉडी यांत मीटरने जोडणी दाखवता कामा नये. दाखवलं तर कॉइल गेली, पुढे वाद नाही. कपलर सुटाच ठेवून इंजिन चालू करूनही पिवळ्यांमधलं एसी व्होल्टेज मोजता येतं. ५००० ला ते पन्नासच्या वर जातं, त्यामुळे उघड्या टोकांना हात लावू नका, आणि सवय नसेल तर ही चाचणी दुसऱ्याकडून करून घ्या.

एक गोष्ट कधीही करू नका. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून "गाडी बंद पडते का बघू" ही जुनी पद्धत. इंजेक्शनच्या गाडीवर व्होल्टेजची उसळी येऊन ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, जाऊ शकतो. माझ्यासमोर एकाने हात पुढे केला होता, मी अक्षरशः मधे पडले.

दुरुस्तीबद्दल माझी मतं ठाम आहेत, पण मी मेकॅनिक नाही, सगळं स्वतःच्या एका गाडीवर शिकलेय, तेव्हा तेवढ्याच वजनाने घ्या. पिवळ्या वायरींचा कपलर नवा बसवू नका, काढूनच टाका. चांगल्या तांब्यापर्यंत वायर कापा, नीट क्रिंप करा (धातूच्या नळीत दाबून जोडा), वरून आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा. तो जोड वर्षानुवर्षं सोडायची वेळ येत नाही. रेग्युलेटरचा प्लस मूळ हार्नेसमधून (गाडीच्या वायरींच्या जुडग्यातून) फिरवण्याऐवजी जाड वायरीने थेट बॅटरीपर्यंत नेला आणि बॅटरीजवळ फ्यूज टाकला. फ्यूजचा आकडा तुमच्या अल्टरनेटरप्रमाणे ठरेल. तो विसरू नका, नाहीतर वायर घासली की आगीला निमंत्रण.

रेग्युलेटर बदलायचाच असेल तर सगळे मॉस्फेटचा, म्हणजे कमी तापणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा, सुचवतील. शिंदेनगेन या कंपनीचा एफएच ०२० चांगलाच आहे, तो स्वतः बराच थंड राहतो. पण तोही शंट आहे. कॉइलचा भार खऱ्या अर्थाने कमी होतो तो सिरीज जातीच्या रेग्युलेटरने, उदाहरणार्थ त्यांचाच एसएच ७७५, कारण गरज नसते तेव्हा तो सर्किट उघडतो आणि करंट वाहतच नाही. मात्र सर्किट उघडलं की पिवळ्यांवर व्होल्टेजची टोकं उंच जातात, तेव्हा जुनं, तडकलेलं इन्शुलेशन तसंच ठेवून सिरीज लावू नका. आणि एसएच ७७५ ची क्षमता ३५ अँपिअरची, मोठ्या अल्टरनेटरच्या जड टूररवर तो अपुरा पडेल. मी कॉइल आणि सिरीज रेग्युलेटर एकत्रच बदलले. त्यानंतर गरम, थंड, पावसात, कधीही १४.१ ते १४.३.

थोडं विषयांतर. हा कपलर इतके दिवस कुणी का पाहिला नाही? कारण तो फेअरिंगच्या, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिक कव्हरच्या, आत आहे. आपल्या गाड्यांचं हे दुखणंच आहे, प्लास्टिक काढायला लागणाऱ्या वेळेमुळे लोक आत बघायचंच टाळतात. व्हॉल्व्ह क्लिअरन्स, कूलंटचे होज, मागच्या सस्पेन्शनच्या लिंकेजचं ग्रीस, सगळं "पुढच्या सर्व्हिसला" जातं. मी आता पुठ्ठ्यावर पॅनलचा आकार काढते आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवते, लांब-आखूड स्क्रूंची अदलाबदल होत नाही. पहिल्यांदा डावं पॅनल काढायला पाऊण तास लागला होता, आता दहा मिनिटं. पॅनल उघडंच असेल तर त्याच बैठकीत होजचे क्लँप बघा.

डबे आणि दोन माणसं असताना मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगवरचा दाब) वाढवा, नाहीतर हेडलाइट आभाळात जातो आणि वळणावर गाडी रुंद पळते. तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध नाही, पण तुमच्या फोटोत मागचा भाग फार बसलेला दिसतोय म्हणून लिहिलं.

आणि हँडलवर छोटा व्होल्टमीटर लावा. रिलेवरून, थेट बॅटरीशी जोडलेला, ॲक्सेसरी सॉकेटमधला नको, तो हार्नेसमधली घट धरून कमी दाखवतो. माझ्याकडे तो असता तर १४ वरून १३ आणि १३ वरून १२ उतरताना तासभर आधी दिसलं असतं आणि चढावर, ट्रक मागे असताना गाडी बंद पडली नसती. त्या चढाबद्दल मी घरी अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

तर आता तिसरी बॅटरी घेऊ नका. या शनिवारी तासभर फिरवून या आणि मला तीन आकडे द्या: थंड असताना ५००० ला किती, तापल्यावर ५००० ला किती, आणि तापल्यावर लाल वायरीवरची घट किती. शक्य असेल तर पिवळ्या कपलरचा फोटोही टाका, दोन्ही बाजूंनी, पिना दिसतील असा. जुनी बॅटरी परत करून टाकली नसेल तर ठेवा. वर्कशॉपने मोडीत काढलेली माझी पहिली बॅटरी मी मंद चार्जरवर पूर्ण भरून बारा तास तशीच ठेवली, १२.७ दाखवत होती. ती आज मैत्रिणीच्या गाडीत आहे, दुसरा पावसाळा चालू आहे.