भीती वाटते, चिंता करतात

प्रश्न असा आला आहे: डॉक्टरांनी कागदावर ‘चिंताविकार’ लिहिलं, घरचे मात्र ‘एवढं घाबरायला काय झालं?’ म्हणतात. भीती आणि चिंता एकच ना?

एकच नव्हेत. उत्तराआधी ते ‘चिता आणि चिंता यांत एका टिंबाचा फरक’ बाजूला ठेवू या. सुभाषित म्हणून झकास आहे, पण लोक ते व्युत्पत्ती म्हणून ठोकून देतात तेव्हा डोकं उठतं. चिता ‘चि’ धातूची, म्हणजे रचणे. संचय त्याच घरातला. चिंता ‘चिन्त्’ धातूची, म्हणजे विचार करणे. चिंतन तिचं सख्खं भावंड. पाणिनीने तर एकाच सूत्रात (३.३.१०५) चिंता, पूजा, कथा आणि चर्चा यांची सोय लावून टाकली. म्हणजे ही शब्दचर्चासुद्धा चिंतेची बहीणच!

याहून मजा फिकिरीची. अरबी ‘फिक्र’ म्हणजेही मुळात विचारच. संस्कृत आणि अरबी ही दोन वेगळी कुळं, तरी दोन्हीकडे विचार करता करता माणूस काळजीत पडला. मला हा योगायोग वाटत नाही. बोलणाऱ्यांनी आजार नेमका ओळखला होता.

मराठीचं क्रियापद तेच सांगतं. भीती वाटते, बसते, कुणी घालतं. ‘मी भीती करतो’ असं कोणी म्हणत नाही. चिंता मात्र आपण करतो, करत बसतो. कुत्रा अंगावर आला की छाती धडधडते, पाय आपोआप मागे येतात. तो निघून गेला की थोड्या वेळात सगळं ओसरतं. ही भीती. चिंतेत समोर कुत्रा नसतोच, ‘उद्या असला तर?’ एवढंच असतं, आणि ‘तर’ काही निघून जात नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची २०१३ची निदानपुस्तिकाही हाच भेद करते: भीती समोर ठाकलेल्या धोक्याची, चिंता येणाऱ्या धोक्याची. सतत आणि आवरत नाही अशी चिंता किमान ६ महिने, बहुतेक दिवस राहिली, झोप-एकाग्रता बिघडली, रोजचं जगणं अडलं, तर सार्वत्रिक चिंताविकाराचा विचार होतो. तिथे ‘घाबरू नकोस’ फुकट जातं, कारण तो माणूस घाबरलेला नसून विचारात अडकलेला असतो.

म्हणूनच सरसकट अँग्झायटीला ‘भयगंड’ लिहिणाऱ्यांशी माझं भांडण आहे. तो शब्द फोबियासाठी ठीक. उंचीच्या फोबियात माणसाला उंचीला थोडंथोडं सामोरं नेता येतं. सार्वत्रिक चिंतेत सामोरं जायला अशी एकच वस्तू नसते, तिथे विचारांच्या सवयीवरच काम करावं लागतं. आणि ‘गंड’ म्हणजे तरी काय? मुळात गाल, मग गाठ, सूज. गलगंडातला तोच. न्यूनगंड म्हणताना गळ्याकडे हात जायला हवा खरं तर!