वाचकांचे प्रश्न: टियागो ईव्ही घ्यावी की कॉमेट?

प्रश्न: आम्ही डिचोलीला राहतो, मी रोज पणजीला कामाला जातो, जाऊन येऊन साठेक किलोमीटर पडतात. घरात मी, बायको, एक मुलगा आणि आई. आईचे गुडघे दुखतात. वर्षातून तीन-चार वेळा बेळगावला बहिणीकडे जाणं होतं, चोर्ला घाटातून. टाटा टियागो ईव्ही आणि एमजी कॉमेट दोन्ही बघून आलो, बायकोला कॉमेट आवडलीय, मला टियागो बरी वाटते. रेंजचे आकडे ऐकून डोकं फिरलंय. काय करू? (एक वाचक, डिचोली)

उत्तर: रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती धावते ते, जरा बाजूला ठेवा, आधी आईंना घेऊन शोरूमला जा आणि कॉमेटच्या मागच्या सीटवर बसवून बघा. कॉमेटला दोनच दरवाजे, मागे जायचं तर पुढची सीट सरकवून वाकून आत शिरावं लागतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते रोजचं काम नाही. आता तुम्ही म्हणाल आई पुढे बसेल, बसू दे की, पण मग बायको आणि मुलगा प्रत्येक वेळी तिथूनच आत-बाहेर करणार, आणि चारही जण बसले की सामानाला जागा जवळजवळ उरतच नाही. चवथीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान, नारळ, वर बेळगावची बॅग हे सगळं कुठे ठेवणार? टियागोला 240 लिटरची डिकी आहे, फार मोठी नाही पण आहे. तुमच्या घरापुरता माझ्या मते निकाल इथेच लागला, टियागो, आणि तीही 24 किलोवॅट-अवरच्या, म्हणजे 24 युनिट वीज मावणाऱ्या मोठ्या बॅटरीची, 19.2 ची नको.

तरी वहिनींचंही ऐकायला हवं, कारण कॉमेट वाईट गाडी नाहीच. लांबी तीन मीटरलाही थोडी कमी, टियागोपेक्षा जवळजवळ 80 सेंटीमीटरने आखूड. वळायला त्रिज्या 4.2 मीटर, म्हणजे पणजीत 18 जून रस्त्यावर किंवा शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जिथे बाकीचे तीन फेऱ्या मारतात तिथे कॉमेट पटकन जागेत शिरून मोकळी. फक्त चाकं 12 इंची आहेत, पावसाळ्यातले आपले खड्डे लक्षात ठेवूनच टेस्ट ड्राइव्ह घ्या, आणि ती गुळगुळीत हायवेवर नको, गावातल्या रस्त्यावर घ्या. सेल्समन नाही म्हणाला तरी हट्ट धरा.

आता रेंज. कॉमेटची बॅटरी 17.3 किलोवॅट-अवर, कंपनी 230 किलोमीटर म्हणते. मोठ्या टियागोला 2022 मध्ये लॉन्चच्या वेळी 315 सांगितले होते. हे आकडे टेस्टचे, एसी लावून चार माणसं घेऊन त्यातला साधारण एक तृतीयांश वजा करून चाला. म्हणजे कॉमेट दीडशेच्या आसपास, टियागो दोनशेच्या आसपास. रोजच्या साठ किलोमीटरला दोन्ही पुरून उरतात, त्यात वाद नाही.

बेळगावला मात्र फरक पडतो. टियागो डीसी फास्ट चार्जरवर, म्हणजे चार्जिंग स्टेशनवरच्या मोठ्या चार्जरवर, 10 वरून 80 टक्क्यांवर साधारण तासाभरात जाते. कॉमेटला डीसी चार्जिंग नाहीच. 2024 मध्ये तिचं फास्ट चार्ज नावाचं मॉडेल आलं, लोक त्या नावावर जातात, पण ते 7.4 किलोवॅटचं, घरच्या विजेसारखंच एसी चार्जिंग आहे, फुल व्हायला साडेतीन तास. घाटाच्या चढाला बॅटरी भराभर उतरते, घाबरू नका, परतीच्या उतारावर रिजनमुळे, म्हणजे गाडीचा वेग कमी करताना मोटरच वीज बनवून बॅटरीत घालते त्यामुळे, थोडी परत मिळते. फक्त घाट उतरायच्या आधी बॅटरी शंभर टक्के भरून घेऊ नका, भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज मावत नाही आणि मग सगळा भार ब्रेकवर येतो.

आणि एक गोष्ट शोरूमवाले कधीच सांगत नाहीत, ती म्हणजे घरचं अर्थिंग. आपल्याकडे जुनी घरं, वायरिंग वडिलांच्या काळातलं, खाली जांभा दगड. एप्रिल-मेमध्ये ही जमीन इतकी कोरडी पडते की अर्थिंग नीट लागत नाही, आणि अर्थ बरोबर मिळाला नाही तर चार्जर सरळ लाल दिवा दाखवून चार्जिंग बंद ठेवतो. मग लोक गाडीला शिव्या घालतात. गाडी बुक करायच्या आधीच इलेक्ट्रिशियन बोलवा, न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर नवीन अर्थ पिट, म्हणजे अर्थिंगचा खड्डा, करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा. मीटरपासून वेगळी 4 स्क्वेअर एमएमची वायर, वेगळा एमसीबी, 16 अँपिअरचं चांगलं सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको, रात्रभर 14-15 अँपिअर ओढले की प्लग वितळतो. आणि वीज कडाडायला लागली की चार्जर काढून ठेवा, जूनमधल्या आपल्या गडगडाटात चान्स घेऊ नका.

7.2 किलोवॅटच्या चार्जरला जास्त पैसे द्यायची तुम्हाला गरज आहे असं मला वाटत नाही. साठ किलोमीटरला आठ-नऊ युनिट लागतील, साध्या 3.3 च्या चार्जरवर तीनेक तासांचं काम, जेवून झोपलात की झालं. मोठ्या चार्जरला सिंगल फेजवरच 32 अँपिअर लागतात, म्हणजे वीज खात्याकडे लोड वाढवायचा अर्ज आलाच.

प्रश्न: आम्ही दोघंच, सांताक्रुझला राहतो, शहरातच फिरणं. कॉमेट बॅटरी भाड्याने घेतली तर स्वस्त पडते म्हणतात, खरंच का? (एक वाचिका, सांताक्रुझ)

उत्तर: तुम्हा दोघांना कॉमेट अगदी फिट, पण भाड्याचा हिशोब कागदावर करा. 2024 मध्ये ही स्कीम आली तेव्हा गाडी 4.99 लाखांपासून आणि बॅटरीचे किलोमीटरला अडीच रुपये, तर बॅटरीसकट गाडी 6.99 लाखांपासून, दोन्ही एक्स-शोरूम. फरक दोन लाखांचा. भागिले अडीच, म्हणजे 80,000 किलोमीटर झाले की तेवढे पैसे भाड्यात गेले. वर्षाला सात-आठ हजार चालवणाऱ्यांना दहा वर्षं लागतील, म्हणजे फायदा दिसतो. दिसतो म्हटलं, कारण खरी मेख दुसरीकडे आहे: गाडी उभी राहिली तरी महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे लागतील, गाडी विकताना बॅटरी कोणाची आणि करार किती वर्षांचा, हे तिन्ही लेखी घ्या. किमान हजार-पंधराशे किलोमीटर धरत असतील तर तुमच्यासारख्यांनी त्या वाटेला जाऊच नये, सरळ बॅटरीसकट घ्या. चार्जिंग पॉइंटसाठी सोसायटीची परवानगीही आधी काढा, गाडी दारात आल्यावर भांडण नको.

प्रश्न: ईव्हीच्या लोनवर दीड लाखांपर्यंत व्याजाची करसवलत मिळते ना?

उत्तर: आता नाही. ती आयकराच्या 80ईईबी कलमाखालची सवलत, 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच आहे. एजंट अजूनही सांगत फिरतात. जीएसटी मात्र ईव्हीवर 5 टक्केच आहे.