ट्यूलिपला यंदा नुसतं पान

प्रश्न : गेल्या वर्षी लावलेल्या ट्यूलिपला छान फुलं आली. फुलं गेल्यावर हिरवी पानं वाफ्यात लोळत होती, म्हणून लगेच कापली आणि कंद मातीतच ठेवले. यंदा प्रत्येक जागी एकच रुंद पान आलंय, कळी नाही. खत कमी पडलं का?

उत्तर : खताचा दोष नाही. पानं लवकर गेली.

ट्यूलिपचा कंद दरवर्षी नवा होतो. फूल देणारा कंद त्या मोसमातच रिता होतो आणि त्याच्या पापुद्र्यांच्या आत धरलेली पिल्लं त्याची जागा घेतात. ही पिल्लं पोसली जातात ती मुख्यतः फूल गेल्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत, पानांच्या जिवावर. तुमची पिल्लं उपाशी राहिली. लहान कंद एकच रुंद पान काढतो, कळी धरण्याएवढा तो भरलेलाच नसतो. म्हणून यंदाच्या या पानाला कात्री लावू नका.

पुढच्या वेळी पाकळ्या झडल्या की फक्त वरचं बोंड खुडा, म्हणजे बी धरण्यात ताकद जाणार नाही. देठ, पानं राहू द्यात. काही जण नीटनेटकं दिसावं म्हणून पानांच्या गाठी मारतात. मला ते अजिबात पटत नाही, पानाला ऊनच मिळत नाही. पान पिवळं पडून अलगद हातात आलं की मगच कंद उकरा आणि कोरड्या, हवेशीर सावलीत ठेवा. हे मूळचं मध्य आशियातल्या डोंगरांतलं झाड, कडक थंडी आणि कोरडा उन्हाळा सोसणारं. उन्हाळ्यात ओल राहिली की कंद कुजतो.

या विश्रांतीतच पुढचं फूल घडतं. लावणीच्या आधी एखादा मोठा कंद उभा चिरून पाहा, मधोमध पुंकेसरांसकट इवलीशी कळी दिसेल. तिचा देठ लांबायला मात्र 2 ते 9 अंश सेल्सिअसची 12 ते 16 आठवडे थंडी हवी. हिवाळा तेवढा थंड नसेल तर कंद फ्रिजमध्ये ठेवा, पण फळांपासून लांब. पिकत्या फळांतून सुटणाऱ्या इथिलीनने आतली कळी मरते.

लावताना टोक वर, खोली कंदाच्या उंचीच्या तिप्पट. पिल्लं वेगळ्या वाफ्यात वाढवा. दरवर्षी उकरणं जमणार नसेल, तर डार्विन हायब्रिड किंवा क्लूसियाना, टार्डा या रानजाती घ्या. निचरा चांगला असेल तर त्या जागेवरच पुन्हा फुलतात.