निलगिरीची रोपं घेताना: गाठमाशी

दादा, बांधापलीकडच्या पडीक रानात निलगिरी लावताय, छान. खतपाण्याचं नंतर बोलू. आधी रोपांचं बघा. गाठमाशी ही मूळची ऑस्ट्रेलियाची कीड, आपल्या देशात 2001 च्या सुमारास दिसली. ती लांबवर जाते ती रोपांबरोबर.

म्हणून गाडी उतरवण्याआधी दहा-वीस रोपं हातात घ्या. पानाची मधली शीर, देठ, कोवळा शेंडा बोटांनी चाचपा. फुगीर गाठी लागल्या, पान मुरडलेलं दिसलं, तर गाडी परत पाठवा. स्वस्त पडतात म्हणून अनोळखी रोपवाटिकेतून रोपं उचलणं, ही नवख्यांची हमखास चूक.

बाकी सध्या एवढंच:
- सगळं रान एकाच क्लोनचं (एकाच झाडापासून वाढवलेल्या हुबेहूब रोपांचं) करू नका.
- गाठी आलेलं रोप उपटून जाळा. बांधावर फेकू नका (बहुतेक जण तेच करतात).
- तोडणीनंतरच्या फुटव्यांवर नजर ठेवा, कोवळी फूट तिला आवडते.

फवारणीची घाई नको. अळी गाठीच्या आत असते, तिथे औषध सहसा पोचत नाही. मरतात ते तिच्यावर जगणारे मित्रकीटक. दुकानदार हे सांगणार नाही. शंका आलीच तर फांदी बंद पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.